साहेबांचा डावा पाय हलतोय : एका लघुपटाच्या प्रकल्प नोंदी

४ जून

संहितेचा दुसरा खर्डा हातावेगळा केला. ४१ पानं. गोष्ट अशी: एका कार्यालयात खुर्चीलाच साहेब नेमलं आहे. खुर्चीवर कोणी बसत नाही, बसणं हा गुन्हा. साहेब कुरकुरतात. त्या कुरकुरीचा अर्थ लावायला एक स्वतंत्र पद आहे आणि त्या पदावरची व्यक्ती सांगेल तो हुकूम. मग एक नवा कारकून रुजू होतो आणि पहिल्याच दिवशी म्हणतो, "पण ही तर खुर्ची आहे."

दिग्दर्शिकेने वाचून विचारलं, "हा कारकून कोण?"

मी म्हटलं, कोणीही. सामान्य माणूस.

"पान ३ वर काय लिहिलंयस बघ."

बघितलं. 'सडपातळ, चष्मा, तिशीतला, खांद्याला पिशवी, जरा भांबावलेला.' मी चष्मा पुसला आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. 'कोणीही' लिहायला बसलो की हात आपोआप आपलंच चित्र काढतो.

६ जून

कालपासून तिचं म्हणणं डोक्यात आहे: ॲब्सर्ड, म्हणजे असंगत, विनोदात वेडी माणसं ढीगभर असतात, शहाणा एकच असतो, आणि तो कोणासारखा दिसतो त्यावरून चित्रपट कोणाच्या बाजूचा आहे ते कळतं.

मी बचावाला परंपरा काढली. असंगत नाटकातल्या पात्रांना गाव नसतं, जात नसते, कुळ नसतं, म्हणून ती कोणाचीही होऊ शकतात. १९ नोव्हेंबर १९५७ ला अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' झालं. शहरातले भलेभले प्रेक्षक ज्या नाटकासमोर डोकं खाजवत होते ते कैद्यांना बरोब्बर कळलं. वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. समीक्षक मार्टिन एस्लिनने १९६१ च्या पुस्तकात या सगळ्या प्रकाराला ॲब्सर्डचं नाव दिलं, त्या पुस्तकाची सुरुवातच या प्रयोगाने होते.

दिग्दर्शिका म्हणाली, पुढचं वाच. तुरुंगात हे नाटक निवडलं गेलं याचं मोठं कारण त्यात एकही बाई नाही, हे होतं. आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका नाटक मंडळीने सगळ्या भूमिका बायकांना दिल्या तेव्हा बेकेट विरोधात कोर्टात गेला. हरला, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे ज्या पात्रांना ना गाव ना नाव, त्यांना पुरुष असण्याची अट मात्र होती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत लिहून ठेवलं आणि विषय बदलला.

१० जून

ऑडिशनची जाहिरात लावून चार दिवस झाले. 'सर्व प्रकारच्या कलाकारांनी संपर्क साधावा.' ३८ अर्ज आले, त्यातले ३१ जण पान ३ वरच्या माणसाचे चुलतभाऊ वाटावेत असे.

जाहिरात बदलली. 'सर्व प्रकारच्या' काढून टाकलं. ते म्हणजे 'घर आपलंच समजा' म्हणण्यासारखं, कोणी समजत नाही. त्याऐवजी सोयी लिहिल्या: सांकेतिक भाषेच्या दुभाषी हजर असतील. संवाद तीन दिवस आधी मिळतील, हवे असल्यास मोठ्या अक्षरात. जिना नाही. कुठल्याही भूमिकेला वयाची, लिंगाची अट नाही, अपवाद फक्त खुर्ची.

१५ जून

'जिना नाही' हे खरं होतं. एक पायरी होती, ती रेकीत, जागा बघायला गेलो तेव्हा, कोणाच्याच नजरेत भरली नाही, कारण आम्ही सगळे ती न बघता चढलो होतो.

व्हीलचेअर वापरणारा एक नट आला, पायरीशी थांबला आणि शांतपणे म्हणाला, "ऑडिशन इथेच सुरू झाली का?" चौघांनी उचलतो म्हटलं, तो नको म्हणाला. आम्ही टेबल बाहेर काढलं आणि उरलेला दिवस ऑडिशन व्हरांड्यात घेतली. सगळ्यांच्याच. उन्हामुळे अर्धे व्हिडिओ फुकट गेले.

मी त्याच्यासाठी खास एक उतारा लिहून ठेवला होता. कार्यालयातल्या पायऱ्यांबद्दल, माणसांच्या नजरेबद्दल, दीड पान. त्याने मन लावून वाचला. मग म्हणाला, "चांगलं लिहिलंय. रडू येईल. पण एक सांग, बाकीचे सगळे येडे आणि मी एकटाच शहाणा का?"

मी म्हटलं, आदर म्हणून.

"आदर नको, मूर्खपणा दे. इथे सगळ्यांना विनाकारण वेड्यासारखं वागायला मिळतंय. मी आलो की लगेच कारण लागतं."

जाताजाता आमच्या खुर्चीकडे बघून, आपल्या चाकांवर थाप मारून म्हणाला, "तुमच्या साहेबांची धाकटी पाती." आम्ही पोट धरून हसलो.

१६ जून

रात्री 'धाकटी पाती'वर अख्खा प्रसंग लिहिला: साहेब त्याच्या व्हीलचेअरला भाऊ मानतात, मुजरा वगैरे. सकाळी त्याला फोनवर वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग, "मी बोललो तेव्हा तो विनोद माझा होता. तू लिहिलास की मी त्याचा विषय झालो."

प्रसंग फाडला. त्यातून एक कसोटी मात्र हाती लागली, तिला आम्ही 'बदली' म्हणतो. विनोद लिहून झाला की त्या पात्राच्या जागी दुसरं कोणीही बसवून बघायचं. तरी हसू आलं तर विनोद प्रसंगात आहे. हसू गेलं तर तो त्या माणसाच्या अंगावर बेतलेला आहे. कसोटी अचूक नाही, पण फालतू माल बाहेर काढायला पुरते.

१७ जून

'बदली'चा पहिला बळी: शिपाई. त्याला मी बोलीभाषा दिली होती आणि बाकी सगळ्यांना प्रमाण. बोली काढून तेच संवाद वाचले, सात पानांत एकदाही कोणी हसलं नाही. म्हणजे मी विनोद लिहिलाच नव्हता, नुसते हेल लिहिले होते.

उलटं करून बघितलं, सूचनाफलक बोलीत आणि शिपाई प्रमाणात. गंमत एकदाच येते. शेवटी ठरलं की जो नट जसा घरी बोलतो तसाच इथे बोलेल. शिपायाचे संवाद नव्याने लिहायचे. त्याचं काम आता साहेबांना रोज सकाळी उन्हाकडे तोंड करून ठेवणं एवढंच आहे, आणि तोंड कुठलं याबद्दल त्याची ठाम मतं आहेत.

१९ जून

आज दोन तास व्याकरणात गेले. खुर्ची स्त्रीलिंगी, साहेब पुल्लिंगी. मग साहेब 'आल्या' की 'आले'? मी सबंध संहितेत 'साहेब आले' लिहिलंय. दिग्दर्शिका म्हणते, कार्यालयात 'आले'च म्हणतील, पण साहेबांना पॉलिश करताना शिपाई चुकून 'पुसली' म्हणेल आणि जीभ चावेल. हे घेतलं. या भाषेत फुकट मिळालेला विनोद आहे, सोडायचा कशाला?

मग कोणीतरी बेक्डेल कसोटी काढली. ॲलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या कॉमिक स्ट्रिपमधून आलेली: चित्रपटात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी. आमच्याकडे दोन बायका आहेत, बोलतात, पण सदासर्वकाळ साहेबांबद्दल. साहेब पुरुष असतील तर नापास. साहेब खुर्ची असतील तर पास. दिग्दर्शिकेच्या मते हा प्रश्न म्हणजेच आपला चित्रपट. सहायक म्हणाला, स्टूल घ्या, नपुंसकलिंगी आहे, भांडण मिटेल. त्याला बाहेर पाठवलं.

(ज्या चित्रपटात बायकांचं चित्रण धड आहे तो या कसोटीत नापास होऊ शकतो आणि टाकाऊ चित्रपट पास होतो. बेक्डेलने ते कॉमिकमधल्या पात्राच्या तोंडी विनोद म्हणून घातलं होतं, मूळ कल्पना मैत्रिणीची, लिझ वॉलेसची. विनोदाचा नियम झाला की असंच होतं. आमच्या खुर्चीचंही तेच झालंय.)

२२ जून

कुरकुरीचा अर्थ लावणारी सापडली. कर्णबधिर नटी. तिच्याबरोबर दुभाषी ताई.

मी गडबडलो. ऐकू न येणारी बाई आवाजाचा अर्थ लावते, हे तिच्यावर हसणं होईल का? दिग्दर्शिकेने मला न विचारता तिलाच विचारलं. तिने संहिता चाळली, खुर्चीजवळ गेली, हातावर पालथा पंजा ठेवला, डोळे मिटले. मी खुर्ची जरा रेटली. लाकूड कुरकुरलं. तिने डोळे उघडले आणि आमच्या निर्मात्याकडे बोट दाखवून झरझर खुणा केल्या. दुभाषी ताईंनी आवाज दिला: "साहेब म्हणतात, याला काढून टाका."

हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "या कार्यालयात ऐकू येणारे सगळे आहेत. त्यांना काय ऐकू येतं? कुरकुर. अर्थ मला एकटीला कळतो आणि तो तपासायची सोय कोणाकडेच नाही. यात बिचारं कोण आहे?"

संहितेत ही भूमिका पानभर होती. आता कार्यालयातली सगळ्यांत बलाढ्य, सगळ्यांत लबाड बाई तीच होणार.

२४ जून

चिठ्ठ्या टाकून वाचन. ज्याला जी भूमिका निघेल ती त्याने वाचायची. प्रयोग असा की 'पण ही तर खुर्ची आहे' हे एकच वाक्य पाच जणांच्या तोंडून ऐकायचं.

तिशीतल्या नटाने म्हटलं: सगळे त्याच्या बाजूचे, लगेच. हाच आपला माणूस.

व्हीलचेअरवाल्याने म्हटलं: खोली गंभीर झाली. काहीतरी रूपक असणार असं सगळ्यांना वाटलं.

कर्णबधिर नटीने खुणांनी म्हटलं: अर्ध्यांना वाटलं ती साहेबांचा निरोप सांगतेय.

साठी उलटलेल्या एक ज्येष्ठ नटी आहेत, सगळं युनिट त्यांना ताई म्हणतं. ताईंनी म्हटलं: दोघं एकदम हसले, कारण त्यांना वाटलं बाईंना विसर पडलाय. वाक्य तेच, खुर्ची तीच.

शिपायाने म्हटलं: त्याला कोणीतरी सवयीने "थांब रे" म्हणालं. वाचन आहे हे विसरून.

वहीत एवढंच लिहिलं की उघडी-नागडी खरी गोष्ट बोलून लगेच विश्वास मिळवणं ही चैन या पाचांत एकालाच परवडते, आणि मी ती नकळत माझ्यासारख्याला देऊन ठेवली होती.

लगेच एक सुचलं: ताई वाक्य म्हणतात, कोणी ऐकत नाही, दहा मिनिटांनी तरुण तेच म्हणतो, समिती नेमली जाते. दिग्दर्शिकेने मान हलवली. "याला टाळ्या पडतील, हसू येणार नाही. लोकांना आधीच पटलेलं पुन्हा पटवलं की टाळ्या येतात." काट.

२७ जून

कारकून काढला. अख्खा. 'ही खुर्ची आहे' हे आता आमच्या चित्रपटात कोणीच म्हणणार नाही.

आधी मी 'कारकून बाई करू' म्हणत होतो. दिग्दर्शिकेने 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'चं उदाहरण दिलं. २०२२ चा तो चित्रपट आधी जॅकी चॅन डोळ्यांसमोर ठेवून लिहायला घेतला होता, मग मुख्य भूमिका मिशेल योकडे गेली आणि त्याबरोबर नवरा-बायकोचं, आई-मुलीचं सगळं नातंच फिरलं. २०२३ मध्ये ७ ऑस्कर मिळाली. मुद्दा ऑस्करचा नाही. 'तो'चं 'ती' करणं हे क्रियापदाचं काम नाही, पहिल्या पानापासून पुन्हा लिहावं लागतं. आणि आमच्या कारकुनाला पुन्हा लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की त्याला शहाणपणाखेरीज दुसरा गुणच नाही.

२ जुलै

निर्मात्याने एका अर्जाचं पान पाठवलं, 'समावेशकतेचा तपशील भरा'. रकाने, टक्के. तो ऑस्करचे नियम काढून बसला होता: अकादमीने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलेले चार निकष, पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण, शिकायची संधी कोणाला, वितरण-प्रसिद्धीत कोण, त्यातले दोन पूर्ण केले तरच सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत उतरता येतं, २०२४ च्या सोहळ्यापासून. मी म्हटलं, आपला लघुपट आहे, आपल्याला हे लागू नाही. म्हणाला, "सवय असलेली बरी."

रकाने भरताना हात अडखळला. व्हीलचेअरवाला नट एका रकान्यात एक. पण त्याने मागितलेला मूर्खपणा कुठल्या रकान्यात? तरी भरला. रकाने नसते तर १० जूनची जाहिरात आम्ही बदलली असती का, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, आणि उत्तर सोयीचं आलं नाही.

९ जुलै

लुक टेस्ट. ताई आता सुतार आहेत, साहेबांच्या दुरुस्तीला येतात. लहान भूमिका, २६ व्या मिनिटाला. त्या 'आजी' समजून आल्या होत्या. "साठीनंतर बोलावणं येतं ते आजीसाठी नाहीतर प्रेतासाठी," म्हणाल्या. सुतार म्हटल्यावर पिशवीतून वही काढली आणि रंध्याबद्दल प्रश्न विचारायला लागल्या. बाई सुतार का, याचं स्पष्टीकरण चित्रपटात असणार नाही. सुतार आली, एवढंच.

शॉट: ताईंचा हात साहेबांच्या हातावर. डीओपीने, म्हणजे आमच्या छायालेखकाने, खुर्चीवर तासभर मेहनत केली होती. पॉलिश चमकतंय, लाकडाची नस न नस दिसतेय. ताईंचा वर्ण सावळा. मॉनिटरवर हात म्हणजे नुसता काळसर आकार, रेषा नाहीत, नखं नाहीत. ताई येऊन बघून गेल्या. "साहेब छान दिसतायत," एवढंच म्हणाल्या.

डीओपी ओशाळला. मग त्यानेच कोडॅकची गोष्ट सांगितली. रंगीत फोटोच्या छपाईचा रंग जुळवायला १९५० च्या दशकापासून 'शर्ली कार्ड' वापरत, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी नीट आली म्हणजे छपाई नीट. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे तपशील जायचे. कंपनीने फिल्म सुधारायला घेतली त्यात मोठा वाटा होता चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा: गडद आणि फिकट चॉकलेट सारखंच दिसतं, लाकडाची नस उमटत नाही.

सेटवर सगळे गप्प. खुर्चीचा चित्रपट करतोय आम्ही, आणि हे आम्हाला कोणी लिहून दिलं असतं तर 'अती होतंय' म्हणून कापलं असतं.

डीओपीने खुर्चीचा लाईट निम्मा केला. ताईंसाठी बाजूने एक मोठा मऊ लाईट आणला, आणि एक्स्पोजर त्यांच्या हातावर धरलं. लाकूड थोडं दबलं, हात उजळला. तळहाताच्या कडेला जुन्या भाजल्याचा एक डाग आहे, तोही आता दिसतो. ताईंना विचारलं, चालेल का. "सुताराला डाग असणारच," म्हणाल्या.

२१ जुलै

आज तालमीत आमची सगळ्यांत मोठी चूक कळली.

आमच्या प्रकारच्या विनोदाचा पहिला नियम: चेहरा हलवायचा नाही. कितीही अचाट घडो, नटाने दगडी चेहऱ्याने करावं. दिग्दर्शिकेने सगळ्यांना तेच सांगितलं, कर्णबधिर नटीलाही: भुवया हलवू नकोस.

तिने दुभाषी ताईंकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि विचारलं, "तुम्ही तुमची वाक्यं प्रश्नचिन्हाशिवाय बोलाल का?"

बऱ्याच सांकेतिक भाषांत चेहरा ही सजावट नसते, व्याकरण असतं. 'हो की नाही' असा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. 'कोण, का, कुठे' असेल तर आकसतात. हात तेच राहिले आणि भुवया हलल्या नाहीत तर प्रश्नाचं विधान होतं. आम्ही तिला निर्विकार व्हायला सांगत नव्हतो, तिच्या तोंडात बोळा कोंबत होतो.

मग निर्विकारपणा ठेवायचा कुठे? ती म्हणाली, हातांत. आणि करून दाखवलं. साहेबांचा हुकूम सांगते: 'तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वांनी आजपासून पहिल्या मजल्यावर असल्यासारखं वागावं.' भुवया, गाल, ओठ, सगळे आपापलं काम करतात. वाक्य संपतं. दोन्ही हात पोटाशी येऊन थांबतात. एक, दोन, तीन. मग ती वाकते, साहेबांच्या हातावरून सुताचं एक कुसळ चिमटीत उचलते, निरखते, आणि स्वतःच्या खिशात ठेवते. जणू पुरावा.

तो तीन सेकंदांचा थांबा हा सबंध चित्रपटातला सगळ्यांत निर्विकार क्षण आहे. कुसळ संहितेत नव्हतं.

२३ जुलै

कामाच्या गोष्टी, शूटसाठी:

एक दुभाषी पुरत नाही. दुपारनंतर दुभाषी ताई थकल्या, दोन सूचना उलट्या पोचल्या. दोघी हव्यात, साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून. हे काम करणारे सगळेच असं करतात, आम्हालाच ठाऊक नव्हतं.

'ॲक्शन' ओरडून उपयोग नाही. तिच्या नजरेच्या टप्प्यात छोटा दिवा, तो विझला की ॲक्शन.

तिच्या संवादावर क्लोज-अप नाही. क्लोज-अपमध्ये हात फ्रेमबाहेर, म्हणजे वाक्य फ्रेमबाहेर. तिचं बोलणं चालू असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट मारायचा नाही. डीओपी म्हणाला, "म्हणजे अख्खं शॉट डिव्हिजन बदलायचं." हो.

रॅम्प: पायरी १५ सेंटिमीटर. १:१२ उतार धरला तर १८० सेंटिमीटर लांबी. सेटच्या सुतारकामवाल्यांनी आजच ठोकायला घेतला.

५ ऑगस्ट, शूटचा दुसरा दिवस

रॅम्प फ्रेममध्ये येत होता. हलवावा लागणार म्हणून मी वैतागलो होतो. व्हीलचेअरवाला नट (आता तो 'प्रवेशद्वार प्रमुख' आहे, आत येणाऱ्या प्रत्येकाकडून बाहेर जाण्याचं कारण लेखी घेतो) म्हणाला, हलवू नका, पाटी लावा. पाटी लावली: 'फक्त साहेबांसाठी.'

पुढचं त्याने तालीम न करता केलं. रॅम्पशी येतो, थांबतो. स्वतःकडेच संशयाने बघतो. "पास?" खिसे चाचपतो. "पास नाही साहेब." "मग कसं सोडणार?" "रोज येतो मी इथे." "रोज येतात ते सगळे असंच म्हणतात." वहीत स्वतःचं नाव लिहितो, स्वतःला सही करायला लावतो, स्वतःला सलाम ठोकून परत जागेवर जातो. मागून शिपाई साहेबांना दोन्ही हातांनी उचलून रॅम्पवरून वर नेतो. चौथा टेक ओके. पहिल्या तीन टेकमध्ये साऊंडवाला हसला.

'बदली' लावून बघितली. त्याच्या जागी कोणीही अधिकारी ठेवा, स्वतःलाच अडवण्याचा विनोद टिकतो. तो असताना मात्र पाटीला धार येते. निर्मात्याला भीती, लोक दुखावतील का. नट म्हणाला, "पाटीवर हसतायत ते. आणि माझ्यावर हसले तर तेही चालेल, मी विनोदी नट आहे." यापुढे चर्चा झाली नाही.

११ ऑगस्ट, शूटचा सहावा दिवस

साहेबांची दुसरी प्रत आली, जोखमीच्या शॉटसाठी. लाकडाची नस जुळत नाही. कंटिन्युइटीवाली माझ्या आधी ओरडली. पॉलिशवाल्याला बोलावलं. दीड दिवस वाया. बाकी काही नाही.

१४ सप्टेंबर

रफ कट, ३४ मिनिटं. बारा जणांना दाखवला, त्यातले चार सांकेतिक भाषा वापरणारे.

पहिली चार मिनिटं सगळे हरवलेले. कारकून नसल्यामुळे प्रेक्षकाला धरायला कठडाच नाही. माझ्या मनात आलंच, बघा, मी सांगत होतो, शहाणा लागतो. तोंड उघडलं नाही.

दिग्दर्शिकेने एडिटरला सांगितलं, ताईंचा प्रसंग २६ व्या मिनिटावरून उचलून तिसऱ्यावर आण. ताई येतात. साहेबांना चारी बाजूंनी न्याहाळतात. गुडघ्यावर बसतात. पाय धरून हलवतात. सगळं कार्यालय श्वास रोखून उभं. ताई कानामागची पेन्सिल काढत म्हणतात, "साहेबांचा डावा पाय हलतोय." पाचर ठोकतात, साहेबांकडून पावती मागतात, मिळेपर्यंत थांबतात.

पुन्हा दाखवला, वेगळ्या मंडळींना. या वेळी तिसऱ्या मिनिटालाच हशा. ताईंना ही खुर्ची आहे हे पुरेपूर ठाऊक आहे आणि ते साहेब आहेत यालाही त्यांची हरकत नाही. त्यांना पाय दिसतो. कठडा मिळाला, आणि तो माझ्यासारखा दिसत नाही.

२ ऑक्टोबर

सबटायटल. कटकटीचं काम, पण चित्रपटाचा निम्मा विनोद इथे आहे.

अडचण अशी: नटीचा हुकूम हातांत हळूहळू उलगडतो. सबटायटल मात्र अख्खं वाक्य एकदम दाखवतं. वाचणारे आधी हसतात आणि ती बोलत असताना हसून मोकळे झालेले असतात. पहिल्या कटात 'पहिल्या मजल्यावर असल्यासारखं वागावं' हे तिच्या हातांच्या २० फ्रेम आधी पडद्यावर येत होतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. विनोदात एक सेकंद म्हणजे फार.

वाक्य तोडलं. 'तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वांनी आजपासून' एवढं आधी. उरलेलं तिच्या शेवटच्या खुणेबरोबर. आता खुणा वाचणारे आणि अक्षरं वाचणारे एकत्र हसतात.

खुर्चीच्या आवाजाचंही सबटायटल हवं. पहिल्या यादीत सगळीकडे एकच, 'खुर्ची कुरकुरते'. कर्णबधिर नटीने यादी परत पाठवली: 'तुम्हाला चौतीस मिनिटांत एकच कुरकुर ऐकू येते का?' साऊंडवाल्याला बसवून प्रत्येक आवाज पुन्हा ऐकला. आता यादी अशी आहे: साहेब कुरकुरतात. साहेब दीर्घ कुरकुरतात. साहेब कुरकुरता कुरकुरता थांबतात. साहेब नाइलाजाने कुरकुरतात. ताईंच्या पाचरीनंतर: साहेब गप्प.

९ ऑक्टोबर

नटीने अंतिम कट बघितला. सगळं पसंत, एक सोडून. २१ व्या मिनिटाला तिच्या डाव्या हाताची दोन बोटं फ्रेमच्या खाली जातात. आम्हाला चौदा वेळा बघूनही दिसलं नव्हतं. तिच्या म्हणण्यानुसार त्या दोन बोटांशिवाय साहेबांचा हुकूम 'रजा मंजूर' नसून निव्वळ 'मंजूर' आहे. काय मंजूर, ते कोणालाच कळणार नाही.

दिग्दर्शिका म्हणाली, तेही काही वाईट नाही. नटीने नकाराची खूण केली, ती आता आम्हा सगळ्यांना येते.

डीओपीच्या मते त्या शॉटचे आणखी दोन टेक आहेत, एकात हात पूर्ण आहेत पण मागे शिपाई चुकीच्या दिशेला तोंड करून उभा आहे. शिपायाला फोन केला. तो म्हणतो, दिशा बरोबर होती. उद्या सकाळी टेक शोधायचा.